चाचणी-संकर : संततीवरून जनकाची पारख

आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत चाचणी-संकराला बहुधा अर्धेच पान मिळते. प्रभावी लक्षण दाखविणारा जीव समयुग्मी आहे की विषमयुग्मी हे कळत नसेल, तर त्याचा अप्रभावी समयुग्मी जीवाशी संकर करावा. सर्व संतती प्रभावी निघाली तर जनक शुद्ध, निम्मी-निम्मी निघाली तर संकरित, एवढे सांगून पुस्तक पुढील प्रकरणाकडे वळते. विद्यार्थीही १:१ हे गुणोत्तर पाठ करून त्याच्या मागोमाग जातो. वस्तुतः या अर्ध्या पानातील ‘सर्व संतती’ हे दोन शब्द सर्वांत अवघड आहेत. सर्व म्हणजे किती? चार, दहा की शंभर? आणि जी संतती जन्मासच आली नाही तिची गणना कोणी करावयाची? जनकाविषयीचा निर्णय आणि त्या निर्णयावर आधारलेले पुढील पिढीचे भाकीत ही दोन्ही या प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून प्रस्तुत लेखात गुणोत्तरापेक्षा या प्रश्नांचाच विचार अधिक केला आहे.

प्रथम या पद्धतीतील मूळ कल्पना स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. चाचणीसाठी अप्रभावी जोडीदार का निवडावयाचा? त्याच्याकडून येणारे प्रत्येक युग्मक अप्रभावी जनुकच घेऊन येते आणि असे जनुक दुसऱ्या जनकाकडून आलेल्या जनुकाला झाकू शकत नाही. परिणामी अपत्याचे दृश्यरूप म्हणजे दुसऱ्या जनकाच्या युग्मकाची हुबेहूब नक्कल होते. युग्मकातील जनुक आपणांस एरवी डोळ्यांनी दिसत नाही. चाचणी-संकरात ते दिसते. संततीतील १:१ हे प्रमाण युग्मकांचेच प्रमाण होय, आणि या पद्धतीचे सारे सामर्थ्य त्यातच आहे. (संकरजाचा त्याच्या दोन जनकांपैकी कोणाशीही पुन्हा केलेला संकर तो पश्चसंकर, त्यांपैकी अप्रभावी जनकाशी केलेलाच चाचणी-संकर ठरतो. या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, ते बरोबर नाही.)

हे सामर्थ्य मेंडेलच्या पूर्ण ध्यानात आलेले होते. १८६५ साली ब्रुन येथे वाचलेल्या आणि १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात ३:१ या गुणोत्तराचीच ख्याती अधिक झाली. परंतु संकरज सर्व प्रकारची युग्मके सारख्याच संख्येने निर्माण करतो, या त्याच्या मूळ गृहीतकाची प्रत्यक्ष कसोटी त्याने चाचणी-संकराने घेतली. गोल आणि पिवळे दाणे असलेल्या द्विसंकरज वाटाण्याच्या फुलांवर सुरकुतलेल्या, हिरव्या दाण्यांच्या झाडाचा पराग घातला तेव्हा ११० दाणे मिळाले : ३१ गोल पिवळे, २६ गोल हिरवे, २७ सुरकुतलेले पिवळे आणि २६ सुरकुतलेले हिरवे. प्रत्येक वर्गात २७.५ दाण्यांची अपेक्षा होती. आजच्या काय-वर्ग कसोटीने पाहिल्यास येथील विचलन अवघे ०.६२ भरते, तीन स्वातंत्र्यमात्रांना हे नगण्य आहे. याच संकराची दिशा उलटवून, म्हणजे संकरजाचा पराग अप्रभावी झाडाच्या फुलांवर घालून, त्याने ९८ दाणे मिळविले. त्यांची वाटणी २४, २५, २२ आणि २७ अशी झाली. दिशा उलटविण्यामागील हेतू उघड आहे. पहिल्या संकरात बीजांडांचे प्रमाण दिसले, दुसऱ्यात परागकणांचे. स्वपरागणात ही दोन्ही एकमेकांत मिसळून येतात आणि त्यांचे पृथक्करण करता येत नाही.

तथापि मेंडेलच्या या प्रयोगात संकरज कोणता हे आधीपासून ठाऊक होते. प्रजननशास्त्रज्ञापुढे बहुधा उलटा प्रश्न असतो : समोरचे झाड संकरज आहे किंवा कसे? येथे निकालाची दोन अंगे मुळीच सारखी नाहीत. चाचणी-संकरात एक जरी अप्रभावी अपत्य निघाले, तरी जनक विषमयुग्मी आहे हे सिद्ध झाले; उत्परिवर्तन आणि परक्या परागाची भेसळ हे दोन विरळ अपवाद वगळता या निर्णयावर अपील नाही. उलटपक्षी, प्रभावी अपत्ये कितीही निघाली तरी जनक शुद्ध आहे हे सिद्ध होत नाही. तसे असण्याचा संभव तेवढा वाढतो. विषमयुग्मी जनकाचे प्रत्येक अपत्य प्रभावी निघण्याची शक्यता १/२ असते. म्हणून पाच अपत्ये ओळीने प्रभावी निघून आपली फसगत होण्याची शक्यता १/३२, सातांच्या बाबतीत १/१२८ आणि दहांच्या बाबतीत १/१०२४ होय. शंभरात एकाहून कमी चूक हवी असेल तर सात अपत्ये पुरतात. वनस्पतींच्या बाबतीत हा आकडा अगदी स्वस्त आहे.

स्वपरागणाने हीच परीक्षा घेऊ गेल्यास ती किती महाग पडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण मेंडेलच्याच निबंधात सापडते. दुसऱ्या पिढीतील प्रभावी झाडांपैकी एकतृतीयांश शुद्ध आणि दोनतृतीयांश संकरित असली पाहिजेत, हे त्याला दाखवावयाचे होते. दाण्यांच्या लक्षणांबाबत अडचण नव्हती, कारण एकाच झाडावरील शेंगांत ती परीक्षा आपोआप होते. परंतु शेंगेचा रंग, फुलांचे स्थान, खोडाची उंची अशा लक्षणांसाठी प्रत्येक झाडाचे बी पेरून पुढील पिढी वाढविणे भाग होते. मेंडेलने प्रत्येक झाडाचे दहा-दहा दाणे पेरले. शंभर-शंभर झाडांच्या अशा सहा मालिका झाल्या. त्यांतील एक शेंगेच्या रंगाची मालिका, पहिल्या खेपेस ६०:४० असे प्रमाण आल्यामुळे, त्याने मुद्दाम पुन्हा केली. सहाशे झाडांपैकी ३९९ संकरित आणि २०१ शुद्ध ठरली. २:१ या प्रमाणाशी हा मेळ फारच चांगला आहे, आणि नेमकी तीच गोष्ट १९३६ साली रॉनल्ड फिशर यांना खटकली.

फिशर यांचा हिशेब सोपा होता. संकरित झाडाच्या स्वपरागणात प्रत्येक दाणा प्रभावी निघण्याची शक्यता ३/४ असते. दहाही दाणे प्रभावी निघण्याची शक्यता म्हणजे ३/४ चा दहावा घात, ०.०५६३. याचा अर्थ, शंभर संकरित झाडांपैकी पाच-सहा झाडे या परीक्षेत ‘शुद्ध’ म्हणून निसटून जावयास हवीत. सहाशेत ४०० झाडे खरोखर संकरित असतील, तर त्यांतील सुमारे २२.५ झाडांचे चुकीचे वर्गीकरण होऊन प्रमाण ३७७.५ : २२२.५ असे यावयास हवे. मेंडेलचे आकडे या खऱ्या अपेक्षेपेक्षा त्याच्या सिद्धान्तातील अपेक्षेच्या अधिक जवळ आहेत. यावरून फिशर यांनी काढलेल्या अनुमानावर पुढे पुष्कळ वाद झाला. प्रत्येक झाडाचे दहाहून अधिक दाणे पेरून त्यांतील दहा वाढविले असावेत, असाही एक खुलासा सुचविला गेला. मेंडेलच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास हा पुरावा पुरेसा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु वादाच्या मुळाशी असलेले गणित निर्विवाद आहे. याच सहाशे झाडांची चाचणी-संकराने आणि झाडागणिक दहाच दाण्यांनी परीक्षा केली असती, तर चारशे संकरित झाडांतून सरासरीने अर्धे झाडसुद्धा निसटले नसते. मग मेंडेलने ती का केली नाही? वाटाणा आपले परागण आपणच उरकतो; चाचणी-संकर करावयाचा तर प्रत्येक कळी उमलण्यापूर्वी उकलून तीतील पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि मग बाहेरून पराग घालावा लागतो. सहाशे झाडांवर हे काम करणे म्हणजे काय, हे ज्याने एका हंगामात शंभर कळ्यांचेही पुंकेसर काढले आहेत तोच जाणे.

आता एका सूक्ष्म मुद्द्याकडे वळू. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची उत्तरेही येथे नेहमी चुकतात. चार अपत्ये प्रभावी निघाली; आता जनक संकरित असण्याची शक्यता किती? तत्काळ उत्तर येते, १/१६. हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. जनक संकरित असेल तर चारही अपत्ये प्रभावी निघण्याची शक्यता १/१६ असते. परंतु चार अपत्ये प्रभावी निघाल्यावर जनक संकरित असण्याची शक्यता काढावयाची तर तो जनक कोठून आला हे आधी विचारले पाहिजे. तो दुसऱ्या पिढीतील प्रभावी झाडांतून निवडला असेल, तर परीक्षेपूर्वीच तो संकरित असण्याची शक्यता २/३ आणि शुद्ध असण्याची १/३ होती, म्हणजे प्रमाण २:१ होते. चार अपत्यांच्या पुराव्याने यांतील पहिला आकडा सोळापट घटतो. प्रमाण १:८ होते आणि जनक संकरित असण्याची शक्यता १/९ उरते. उलट, ज्या वाणात ते अप्रभावी जनुक हजारात एखाद्याच झाडात आढळते, अशा वाणातून जनक घेतला असेल, तर त्याच चार अपत्यांनंतर ही शक्यता नावापुरतीच राहील. बेझच्या प्रमेयाचे नाव ऐकताच जीवशास्त्राचा विद्यार्थी बिचकतो. पण येथे त्याला गुणाकाराखेरीज काहीच करावे लागत नाही.

आतापर्यंत एकाच जनुकाच्या जोडीचा विचार केला. दोन जोड्या एकत्र आल्या म्हणजे चाचणी-संकराची खरी किंमत प्रत्ययास येते. १९०५ च्या सुमारास बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना स्वीट पी या फुलझाडात फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार ही लक्षणे स्वतंत्रपणे वाटली जात नाहीत, असे आढळले. दुसऱ्या पिढीतील आकड्यांवरून मागे जात त्यांनी युग्मकांचे प्रमाण ७:१:१:७ असे बसविले आणि त्याचा खुलासा देण्यासाठी युग्मके तयार होण्यापूर्वी काही विशेष पेशी अधिक वेळा विभाजन पावत असाव्यात, अशी कल्पना लढविली. दुसऱ्या पिढीत दोन्ही जनकांच्या युग्मकांची सरमिसळ होते आणि त्यातून मूळ प्रमाण उलगडावे लागते. चाचणी-संकरात ते सरळ मोजता येते. मॉर्गन यांनी १९११ मध्ये सहलग्नतेचा योग्य अर्थ लावला आणि १९१३ मध्ये त्यांचे शिष्य स्टर्टेव्हन्ट यांनी फळमाशीच्या एक्स गुणसूत्रावरील सहा जनुकांचा पहिला नकाशा काढला. नर माशीला एक्स गुणसूत्र केवळ आईकडून मिळते, त्यामुळे मुलग्यांच्या रूपात आईची युग्मके उघड दिसतात. निसर्गाने तेथे चाचणी-संकराची सोय आधीच करून ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मक्यावरील हचिसन यांचे १९२२ चे आकडे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः तपासून पाहावेत असे आहेत. मक्याचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असल्यामुळे हजारोंची संतती कणसांवरच मोजता येते. दाण्याचे रंगीत असणे रंगहीन असण्यावर प्रभावी आहे, भरलेले असणे आक्रसलेले असण्यावर प्रभावी आहे. एका जनकाकडून दोन्ही प्रभावी आणि दुसऱ्याकडून दोन्ही अप्रभावी जनुके मिळालेल्या संकरजाचा चाचणी-संकर केला, तेव्हा रंगीत भरलेले ४,०३२, रंगीत आक्रसलेले १४९, रंगहीन भरलेले १५२ आणि रंगहीन आक्रसलेले ४,०३५ दाणे निघाले. एकूण ८,३६८ दाण्यांत पुनःसंयोजित दाणे ३०१, म्हणजे ३.६ टक्के. दुसऱ्या संकरजात प्रत्येक जनकाकडून एकेकच प्रभावी जनुक आलेले होते. त्याच्या चाचणी-संकरात रंगीत भरलेले ६३८, रंगीत आक्रसलेले २१,३७९, रंगहीन भरलेले २१,०९६ आणि रंगहीन आक्रसलेले ६७२ दाणे मिळाले. येथे पुनःसंयोजन ३.० टक्के भरले. दोन्ही संकरजांचे दाणे रंगीत आणि भरलेलेच. पाहून त्यांत फरक करता येत नाही. पण त्यांच्या स्वपरागणाने होणाऱ्या संततीचे भाकीत पाहा. रंगहीन आक्रसलेला दाणा दोन अप्रभावी युग्मकांच्या मीलनाने होतो. पहिल्या संकरजात अशा युग्मकांचा हिस्सा ०.४८२ आहे, त्याचा वर्ग ०.२३, म्हणजे शंभरात तेवीस दाणे. दुसऱ्यात हा हिस्सा ०.०१५३, त्याचा वर्ग दहा हजारांत अवघे दोन-अडीच दाणे. स्वतंत्र वाटणीच्या नियमाने दोन्हीकडे शंभरात सहा दाण्यांचे भाकीत केले असते आणि दोन्हीकडे ते सपशेल चुकले असते. भरवशाचे भाकीत करावयाचे तर संकरजात कोणती जनुके आहेत एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या जनकाकडून जोडीने आली आहेत हेही कळले पाहिजे. (हीच दोन जनुके असलेले मक्याचे नववे गुणसूत्र पुढे १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी वापरले आणि जनुकांच्या अदलाबदलीबरोबर गुणसूत्राच्या तुकड्यांचीही अदलाबदल होते हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले.)

मक्याकडून ज्वारीकडे आले म्हणजे ही पद्धत आपल्या शेतातील धान्यापर्यंत पोहोचते. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी टेक्सासमध्ये ज्वारीतील पेशीद्रव्यजन्य नर-वांझपणाचा उपयोग दाखवून दिल्यावर संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले आणि भारतात १९६४ साली सी. एस. एच. १ हे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. या कामात पराग देणारा वाण निवडताना मोठी अडचण असते. मादी वाणाच्या पेशीद्रव्यामुळे वांझ पराग तयार होतो. हा वांझपणा दूर करणारे प्रभावी जनुक पराग देणाऱ्या वाणात असेल, तरच शेतकऱ्याच्या शेतात संकरजाच्या कणसात दाणे भरतील. पण पराग देणाऱ्या वाणाचे स्वतःचे पेशीद्रव्य सामान्य असल्यामुळे ते जनुक असो वा नसो, तो वाण सुफलच दिसतो. म्हणजे येथे विषमयुग्मी तेवढाच लपतो असे नाही, अप्रभावी समयुग्मीसुद्धा लपतो. उपाय एकच : त्याचा पराग नर-वांझ मादीवर घालून संतती पाहावयाची. संततीची कणसे फुलोऱ्यापूर्वी कागदी पिशवीने झाकतात, कारण शेजारच्या झाडाचा पराग आला तर वांझ कणसातही दाणे धरतात आणि परीक्षा फुकट जाते. पिशवीतील सर्व कणसे भरली तर वाण सुफलता परत आणणारा. सर्व रिकामी राहिली तर तो वांझपणा टिकविणारा, आणि तोही उपयोगाचा, कारण नर-वांझ मादीचा वंश अशाच वाणाने चालू राहतो. काही भरली, काही रिकामी राहिली तर ते झाड मिश्र आहे. रबी ज्वारीत याहून एक गुंतागुंत अधिक असते. फुलोऱ्याच्या वेळी रात्री फार थंड असल्या तर सुफलता देणारे जनुक असूनही दाणे नीट भरत नाहीत. खरिपात सुफल ठरलेला वाण रबीत अर्धवट वांझ ठरू शकतो. म्हणून खरिपातील चाचणीवरून रबीविषयी भाकीत करणे धोक्याचे आहे. दृश्यरूप ही जनुकाची साक्ष खरी, पण ती साक्ष कोणत्या हवामानात नोंदविली हे साक्षीबरोबरच लिहून ठेवले पाहिजे.

पशुप्रजननात या पद्धतीची खरी कसोटी लागते. एक वळू कृत्रिम रेतनाने हजारो वासरांचा पिता होतो. त्याच्यात एखादे घातक अप्रभावी जनुक दडलेले असेल तर ते देशभर पसरते. परंतु घातक लक्षणाच्या बाबतीत अप्रभावी समयुग्मी गाय चाचणीसाठी मिळणार कोठून? ती वासरू असतानाच मेलेली असते. म्हणून दोन पर्यायी मार्ग रूढ झाले. ज्या गायींना पूर्वी सदोष वासरू झाले आहे, म्हणजे ज्या निश्चितपणे वाहक आहेत, त्यांच्याशी वळूचा संकर करणे हा पहिला. येथे प्रत्येक वासरू निर्दोष निघण्याची शक्यता ३/४ असते आणि फसगतीची शक्यता एक टक्क्याच्या खाली आणावयास १७ वासरे लागतात. दुसरा मार्ग वळूचा संकर त्याच्याच मुलींशी करणे हा होय. वळू वाहक असेल तर त्याच्या निम्म्या मुली वाहक असतात; प्रत्येक मुलीचे एकेक वासरू घेतल्यास ते निर्दोष निघण्याची शक्यता ७/८ होते आणि तेवढ्याच खात्रीसाठी ३५ मुलींची ३५ वासरे लागतात. या मार्गाचा फायदा असा की, वळूमध्ये कोणते घातक जनुक आहे हे आधी माहीत असावे लागत नाही. सर्वांची परीक्षा एकदम होते. तोटाही उघड आहे. मुली जन्मून, वयात येऊन, गाभण राहून विईपर्यंत वळूच्या आयुष्याची मोलाची वर्षे निघून जातात, आणि अंतःप्रजननाचा दोष पदरात पडतो तो वेगळाच.

होल्स्टीन जातीतील दोन प्रकरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. कार्लिन-एम आयव्हनहो बेल हा अमेरिकन वळू मुलींच्या दुधासाठी नावाजला होता आणि त्याचे रेतन अनेक देशांत गेले. श्वेतपेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारा एक अप्रभावी दोष त्याच्यात होता. तो दोष असलेली वासरे वारंवार होणाऱ्या संसर्गाने लहानपणीच दगावत. पण वासरे संसर्गाने दगावणे ही गोठ्यातील नेहमीचीच गोष्ट असल्यामुळे त्यात कोणाला अनुवंश दिसला नाही. १९९२ मध्ये या दोषाचे मूळ एका प्रथिनातील १२८ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन येण्यात आहे, हे दाखविले गेले आणि डीएनए चाचणी हाती आली, तेव्हा अमेरिकेतील कृत्रिम रेतनाच्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक असल्याचे उघडकीस आले. या वळूंच्या हजारो वासरांच्या रूपाने चाचणी-संकर अजाणता होऊन गेलेला होता. निकाल मात्र कोणी वाचला नव्हता. होल्स्टीन व होल्स्टीन-संकरित वळू रेतनकेंद्रात घेताना या दोषाची तपासणी करण्याची पद्धत आता भारतातही रूढ आहे.

दुसरे प्रकरण याहून विलक्षण आहे. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा १९६२ साली जन्मलेला वळू सोळा हजारांहून अधिक मुलींचा पिता होता. इतक्या संततीत एकही सदोष वासरू दिसले नाही, तर त्याला निर्दोष म्हणावयास काय हरकत होती? २०११ मध्ये अमेरिकन संशोधकांनी पन्नास हजारांहून अधिक होल्स्टीन जनावरांच्या जनुकीय खुणा तपासल्या आणि नेहमीपेक्षा उलटा प्रश्न विचारला : गुणसूत्राचा असा कोणता तुकडा आहे की, जो विषमयुग्मी अवस्थेत पुष्कळ आढळतो, परंतु समयुग्मी अवस्थेत एकदाही आढळत नाही? असे जे तुकडे सापडले त्यांपैकी एक आर्लिंडा चीफपर्यंत मागे गेला. त्यातील बिघडलेले जनुक समयुग्मी झाले म्हणजे भ्रूण गर्भातच मरतो. गाय गाभण राहिली नाही किंवा गाभ गळाला, एवढीच नोंद गोठ्यात होते. जन्मास आलेली ‘सर्व संतती’ निर्दोषच असणार, कारण सदोष संतती जन्मासच येत नाही. अशा जनुकासाठी ३५ काय, सोळा हजार मुलीसुद्धा अपुऱ्या पडतात. तेथे जन्मलेल्यांऐवजी न जन्मलेल्यांची गणना करावी लागते.

मनुष्याच्या बाबतीत चाचणी-संकराचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही झालेल्या अपत्यांवरून पुढील अपत्याचा अंदाज बांधण्याची सवय घराघरांत आहे आणि ती वरील सर्व चुकांनी भरलेली असते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा आजार घ्या. १९४९ मध्ये नील आणि बीट यांनी स्वतंत्रपणे दाखविल्याप्रमाणे तो आईवडील दोघेही वाहक असतील तरच अपत्यात येतो, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला १/४ शक्यता असते. पती आणि पत्नी दोघेही निरोगी आहेत, दोघांचेही आईवडील निरोगी आहेत, परंतु दोघांच्याही एकेका भावंडाला हा आजार आहे, असे समजा. दोघांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता २/३, मेंडेलच्या दुसऱ्या पिढीतील प्रभावी झाडाइतकीच. दोघेही वाहक असण्याची ४/९. त्यांना तीन निरोगी अपत्ये झाली. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, आता काळजीचे कारण नाही. दोघे वाहक असतील तरी तिन्ही अपत्ये निरोगी होण्याची शक्यता २७/६४, म्हणजे ४२ टक्के असते. हा पुरावा जमेस धरल्यावर ‘दोघे वाहक’ आणि ‘दोघे वाहक नाहीत’ यांचे प्रमाण २७:८० होते. दोघे वाहक असण्याची शक्यता अद्याप पंचवीस टक्क्यांहून किंचित अधिकच राहते आणि चौथे अपत्य आजारी निघण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या वर भरते. तीन निरोगी अपत्यांनी ती सुमारे अकरा टक्क्यांवरून येथवर आणली, एवढेच.

या उदाहरणात अपत्यांची वाट पाहण्याची मुळात गरजच नाही. विषमयुग्मी व्यक्तीच्या रक्तात दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिने असतात; डोळ्यांना जे जनुक दिसत नाही ते विद्युत्-संचरणाने किंवा द्रव-वर्णलेखनाने पतिपत्नींच्या रक्तात सरळ दिसते. दोघांचे रक्त तपासल्यावर सहा टक्के हा आकडा शिल्लक राहत नाही. दोघांपैकी एकही वाहक नसला तर तो शून्य होतो. दोघेही वाहक निघाले तर चौथ्या अपत्यासाठी तो २५ टक्के होतो, आणि आधीची तीन निरोगी अपत्ये त्यात काडीचाही फरक करीत नाहीत.